कारखाना विद्यापीठात : भाग ५ – स्मरणार्थ

गेल्या आठवड्यात आपण ग्लासगोत होतो. तिथलं अभियांत्रिकीचं अध्यासन १८४० साली खुद्द राणी व्हिक्टोरियाने दिलेलं. केंब्रिजच्या वाट्याला असा राजाश्रय आला नाही.

मराठी घरांना केंब्रिज ठाऊक झालं ते परांजप्यांमुळे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथराव १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत विभागून पहिले आले, आणि ‘रँग्लर’ ही पदवी त्यांना जन्मभर नावासारखी चिकटली. त्या विद्यापीठात गणिताचं एवढं प्रस्थ, की हाताला वंगण लागणारं शिक्षण खालच्या पंगतीत बसायचं. पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंगचा वर्ग भरत होता. केंब्रिजने आपला पहिला प्राध्यापक नेमला १८७५ मध्ये! या एका बाबतीत पुणेकरांनी मिरवायला हरकत नाही.

तो प्राध्यापक म्हणजे जेम्स स्टुअर्ट. तोही रँग्लरच, १८६६ सालचा तिसरा. पण स्कॉटलंडमधल्या गिरणीमालकाचा मुलगा, त्यामुळे यंत्रांच्या खडखडाटात वाढलेला. क्रू इथल्या रेल्वे कामगारांना आणि उत्तर इंग्लंडमधल्या बायकांना तो व्याख्यानं देत हिंडला होता. केंब्रिजमध्ये त्याने लाकडी खोपटात कार्यशाळा मांडली आणि तिच्यासाठी पदरचे पैसे घातले. खर्च भागावा म्हणून कार्यशाळेत बाहेरची कामंही घेतली जात. इथे विद्वानांच्या भुवया उंचावल्या. विद्यापीठ आहे की लोहारशाळा? अभियांत्रिकीची वेगळी परीक्षा असावी, हा प्रस्ताव सिनेटने फेटाळला. स्टुअर्ट कंटाळून बाहेर पडला. पुढे कोलमन मोहरीवाल्यांचा जावई झाला आणि त्याच कंपनीचा कारभार पाहू लागला. मला यात त्याची हार दिसत नाही. त्याला कामगार आणि कारखाने हवे होते, ते मोहरीतही मिळाले.

१८९० मध्ये आल्फ्रेड यूइंग आले. टोकियोत शिकवताना भूकंपमापकं तयार केलेले हे गृहस्थ जास्त धोरणी होते. गणितवाल्यांशी भांडण न करता त्यांनी अभ्यासक्रमात भरपूर गणित ठेवलं आणि परीक्षा मंजूर करून घेतली. १८९४ मध्ये ‘मेकॅनिकल सायन्सेस ट्रायपॉस’ची पहिली परीक्षा झाली. मान्यता मिळाली, जागा मात्र अपुरीच राहिली.

ती जागा कशी मिळाली, ते जरा थांबून सांगायला हवं. जॉन हॉपकिन्सन हे १८७१ चे सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, आणि तरीही हाडाचे इंजिनिअर. वीज वाहून न्यायला दोनऐवजी तीन तारा वापरल्या तर तांबं बरंच वाचतं, ही त्यांची युक्ती. सुट्टीत सगळं कुटुंब आल्प्समध्ये डोंगर चढायला जाई. २७ ऑगस्ट १८९८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या एका सुळक्यावरून कोसळून हॉपकिन्सन, त्यांचा एक मुलगा आणि दोन मुली, असे चौघे एकाच दिवशी गेले.

त्यांच्या पत्नीने आणि उरलेल्या मुलांनी यूइंग यांच्या प्रयोगशाळेच्या विस्तारासाठी ५,००० पौंड दिले. नवा भाग १९०० मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांच्या हस्ते उघडला. आपल्याकडे वाचनालयाच्या कपाटावर, देवळातल्या पंख्याच्या पात्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचून हसतोही. परकी भाषा आणि पौंडांचा आकडा बाजूला ठेवला, तर ही गोष्ट त्याच जातीची आहे.

मागे राहिलेला एक मुलगा बर्ट्रम. तो कायदा शिकला होता, पण वडिलांच्या वाटेला वळला आणि यूइंग केंब्रिज सोडून गेल्यावर १९०३ मध्ये, तिशीच्या आत, त्यांच्या जागी प्राध्यापक झाला. स्फोटाचा धक्का क्षणभरच टिकतो. तो मोजायचा कसा? बर्ट्रमने एक पोलादी दांडा टांगला. एका टोकावर गोळी झाडायची. दुसऱ्या टोकाला पोलादाचा लहानसा तुकडा ग्रीस आणि चुंबकाच्या ओढीने चिकटवलेला. धक्का दांड्यातून धावत जातो, तुकडा सुटून उडतो आणि पुढच्या लंबकात जाऊन बसतो. लंबक किती हलला यावरून धक्क्याचा हिशेब लागतो. कॅरममध्ये स्ट्रायकर मागच्या सोंगटीला लागतो आणि पुढची सुटते, तसंच हे. वेगाच्या आघाताखाली धातू कसे वागतात हे पाहायला आजही ‘हॉपकिन्सन बार’चीच सुधारलेली रूपं वापरतात.

पहिल्या महायुद्धात बर्ट्रम स्वतः विमान उडवायला शिकला. २६ ऑगस्ट १९१८ रोजी खराब हवेत त्याचं विमान कोसळलं. वडील गेले त्याला वीस वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी होता.

त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समध्ये फ्रान्सिस मोंड नावाचा तरुण वैमानिक मारला गेला. त्याचे वडील एमिल मोंड यांनी १९१९ मध्ये २०,००० पौंड देऊन मुलाच्या नावाने केंब्रिजमध्ये विमानविद्येचं अध्यासन उभारलं. त्यावर पहिले बसले मेल्विल जोन्स. हवेला कमीत कमी अडेल असं निमुळतं, गुळगुळीत विमान किती इंधन वाचवील, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. १९३० च्या दशकात हवाई दलाचा एक अधिकारी याच अभियांत्रिकी विभागात शिकायला आला. त्याचं नाव फ्रँक व्हिटल. जेट इंजिनाचं पेटंट त्याने आधीच घेतलेलं होतं.

फ्रान्सिसचा मृतदेह युद्धाच्या धांदलीत दुसऱ्याच नावाने पुरला गेला होता. आईने चिकाटीने शोध घेतला. १९१९ मध्ये केंब्रिजला पैसे पोहोचले, तेव्हा मुलाची कबर कुठे आहे हे त्या घरात अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

(क्रमशः)