मतापेक्षा वाचक मोठा

कलाक्षेत्रात पंथ स्थापन करणारे पुष्कळ आढळतात. आपल्याच पंथातील दोष जाहीरपणे सांगणारे विरळा. जर्मन मुद्रणरचनाकार यान चिखोल्ड (१९०२-१९७४) हा अशा विरळांपैकी एक होता.

लाइप्झिगमधील पाट्या रंगविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा सुलेखनाचे रीतसर शिक्षण घेतलेला. १९२३ मध्ये वायमार येथे बाउहाउसचे प्रदर्शन त्याने पाहिले आणि त्याची दृष्टी पालटली. १९२८ साली 'नवी मुद्रणरचना' या अर्थाच्या नावाचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मजकूर पानाच्या मध्यरेषेवर तोलू नये, अर्थाच्या महत्त्वानुसार मांडावा. वेलबुट्टी टाकून द्यावी. टोकांशी आडव्या रेघा नसलेली साधी अक्षरे हीच यंत्रयुगाची अक्षरे मानावीत, असा त्याचा आग्रह होता. तरुण मुद्रकांना तो धर्मग्रंथच वाटला.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच चिखोल्डला अटक झाली. सुटकेनंतर त्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल गाठले. तेथे त्याला आपल्या जुन्या आग्रहात हुकूमशाहीच्या करड्या शिस्तीची छाया दिसू लागली, आणि तो पारंपरिक, सममित रचनेकडे वळला. १९४६ मध्ये माक्स बिल या स्विस कलावंताने त्याच्यावर प्रतिगामीपणाचा जाहीर ठपका ठेवला. चिखोल्डनेही तितक्याच निर्धाराने उत्तर दिले.

त्याचे आत्मपरीक्षण काहीसे कठोरच म्हटले पाहिजे. ज्या रचनेपायी नाझींनी त्याला तुरुंगात टाकले, ती नाझीवादाची सगी कशी ठरावी? दोष रचनेत नव्हता, 'हीच एक रीत' या हट्टात होता. तो हट्ट त्याने ओळखला, हे महत्त्वाचे.

१९४७ ते १९४९ या काळात त्याने इंग्लंडमध्ये पेंग्विनच्या स्वस्त पुस्तकांचे रूप पालटले. जुळाऱ्यांसाठी त्याने चार पानी नियमावली केली: शब्दांमधील अंतर आवळावे, कॅपिटल अक्षरांत मोकळीक ठेवावी, परिच्छेदाचा आरंभ किंचित आत घ्यावा. नियम क्षुल्लक दिसतात. परंतु त्यांच्यामुळे अल्प किमतीच्या पुस्तकालाही संग्राह्य ग्रंथाची प्रतिष्ठा लाभली. १९६७ मध्ये आलेला त्याचा 'साबों' हा टंक हातजुळणी, लायनोटाइप आणि मोनोटाइप या तिन्ही पद्धतींत सारखाच उमटावा, अशा बेताने घडविलेला होता.

क्रांतिकारक चिखोल्ड आणि परंपरावादी चिखोल्ड यांपैकी खरा कोणता, हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु दोघांचेही लक्ष वाचकाच्या डोळ्यांवर होते. पहिल्याने त्यासाठी परंपरा मोडली. दुसऱ्याने स्वतःचे मत मोडले. दुसरे काम अधिक अवघड असते.