पिवळा ऊस आणि कारणाचा माग

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामती असो की इंदापूर, ऊस पिवळा पडला की पहिला प्रश्न निघतो तो ‘काय फवारायचं?’ त्याच्या आधीचा प्रश्न मात्र राहून जातो: पिवळा पडला कशानं? हुमणीनं मुळं खाल्ली की ऊस पिवळा पडणार, हे कुणीही सांगेल. पण पिवळ्या पानावरून मागं जायचं म्हटलं की वाटा फुटतात. नत्र कमी पडलं, चुनखडीच्या रानात लोह मिळालं नाही, पाणी साचून मुळं गुदमरली, क्षार वाढले, यांपैकी काहीही झालं तरी पान पिवळंच होतं. डॉक्टर असो, कृषी सहायक असो की संगणक, निदानाची सगळी अडचण या उलट्या वाटेवर आहे.

या वाटेवर पहिला हिशेब आपल्या भागात काय जास्त आढळतं याचा. समजा, १०० प्लॉटपैकी ५ प्लॉटना हुमणी लागली आणि ते पाचही पिवळे पडले; दुसऱ्या ३० प्लॉटमध्ये लोह कमी आहे आणि त्यांतले २० पिवळे पडले. म्हणजे हुमणीनं ऊस हमखास पिवळा पडत असला, तरी या २५ पिवळ्या प्लॉटपैकी हुमणीचे पाचच. या हिशेबाचा पाया घालणारा थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा हिशेब फरक दाखवणाऱ्या खुणेचा. नत्राची कमतरता आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते, लोहाची कोवळ्या पानांवर, आणि तिथं शिरा हिरव्या राहतात. त्यालाच आपण केवडा म्हणतो. हुमणीचं बेट ओढलं तर सहज हातात येतं. एक बेट उपटून बघण्याला पैसा लागत नाही, आणि त्यातून मिळणारी माहिती दहा फोटोंपेक्षा मोलाची असते.

कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला, लोहासाठी हिराकस फवारून बघू. फवारावं, पण चार ओळी कोऱ्या ठेवून. तरच ती परीक्षा ठरते. आणि पान हिरवं झालं म्हणजे मूळ कारण सापडलं असंही नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला लागू होत नाही, आणि साचलेलं पाणी ती अडचण वाढवतं. तिथं पाण्याचा निचरा झाला नाही, तर केवडा पुन्हा येणार. एक कारण सापडलं की दुसऱ्याची शंका कमी होते हे खरं, पण ती संपत नाही. कालव्याकाठच्या रानात दोन-तीन कारणं एकत्र नांदतात.

मग हे काम यंत्र करणार नाही का? बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प हाती घेतला. त्यात उपग्रहाच्या चित्रांना हवामान केंद्राची आणि जमिनीतल्या सेन्सरची जोड आहे, आणि मला हीच दिशा बरोबर वाटते. नुसत्या फोटोवर शिकलेलं यंत्र साम्य ओळखेल, पण दुसऱ्या भागातला अंदाज आपल्या रानावर लादेल. म्हणून मोबाइलवर सल्ला आला, तरी तीन गोष्टी स्वतः बघा: पिवळं पान वरचं की खालचं, बेट हलतं का, आणि सरीत पाणी किती दिवस उभं राहतं.