राजाची पन्नास पावलं

वसाहतींचा इतिहास वाचताना राजाने कोणाला किती जमीन दिली, याच्या याद्या पानोपानी भेटतात. मला मात्र गेली कित्येक वर्षं वेड आहे ते राजाने कोणालाच न दिलेल्या जमिनीचं. हे वेड लागलं मॉरिशसमुळे.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. डचांनी 1710 मध्ये बेट सोडलं, 1715 मध्ये फ्रेंचांनी त्यावर हक्क सांगितला आणि नाव ठेवलं ‘इल द फ्रान्स’. आधी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार, 1767 पासून थेट राजाचा. वसाहतवाल्यांना जमिनीची सनद मिळे, पण अटी असत: ठरल्या मुदतीत जंगल तोडा, लागवड करा; नाहीतर जमीन सरकारजमा. घाम अर्थातच गुलामांचा. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, तरी लोकांची मालमत्ता आणि फ्रेंच कायदे कायम ठेवायचं वचन दिलं. म्हणून तिथले जमिनीचे कागद आजही फ्रेंच वळणाचे आहेत आणि नोटरीशिवाय तिथे पान हलत नाही.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येतो. बेटाच्या किनाऱ्याने एक पट्टा राजाने स्वतःकडे ठेवला: भरतीच्या रेषेपासून आत पन्नास पावलं. या पट्ट्याला ‘पास जिओमेत्रिक’ म्हणतात. पाऊल म्हणजे कोणा शिपायाची टांग नव्हे, ते ठरलेलं माप होतं. राजाचे पाच फूट म्हणजे एक पाऊल. फ्रान्सच्या राजाचा फूट आपल्या ओळखीच्या इंग्रजी फुटापेक्षा मोठा, सुमारे 32.48 सेंटिमीटरचा. करा गुणाकार: एक पाऊल 1.62 मीटरच्या आसपास आणि पन्नास पावलं 81.21 मीटर. मॉरिशसच्या कायद्यात रुंदी आजही हीच आहे, शेवटच्या 21 सेंटिमीटरसकट! राजघराणं गेलं, खुद्द फ्रान्सने मीटर स्वीकारला, पण राजाचं पाऊल तेवढंच राहिलं. मार्टिनिक, ग्वादलूप आणि शेजारच्या रियुनियन बेटावरही हाच पट्टा आहे.

हा पट्टा राखला तो तोफांसाठी. बेटावर हल्ला यायचा तो समुद्रातून, तेव्हा बुरूज बांधायला, सैन्य हलवायला किनारा मोकळा हवा. मळेवाल्याने तिथे कुंपण घातलं की संपलंच. राखून ठेवायची ही बुद्धी डोंगरातही दिसते. पिएर प्वाव्र हा राजाचा अधिकारी मसाल्याच्या रोपांसाठी प्रसिद्ध, पण माझ्या लेखी त्याचं मोठं काम 1769 चं: प्रत्येक सनदेतली चौथाई जमीन जंगल म्हणून राखायची, डोंगरउतारावर विशेष. जंगल तुटलं की पाऊस आणि झरे आटतात, हे तो तेव्हा सांगत होता. मळेवाल्यांनी ते कितपत ऐकलं, हे आजच्या उसाने भरलेल्या बेटाकडे पाहून कळतंच.

इंग्रजांनी 1895 मध्ये या पट्ट्यासाठी वेगळा कायदाच केला. ही जमीन विकता येणार नाही, आणि कितीही वर्षं वहिवाट केली तरी कोणाच्या मालकीची होणार नाही. फार तर भाडेपट्ट्याने मिळेल. पुढे 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला, 1992 मध्ये प्रजासत्ताक झाला. ‘क्राउन लँड’ची ‘स्टेट लँड’ झाली, बाकी काही हललं नाही.

पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला मी या पट्ट्यातून मनसोक्त हिंडलो. आपल्या कोकणासारखीच सुरूची झाडं, रविवारी भांडीकुंडी घेऊन आलेली कुटुंबं, आणि थोडं पुढे हॉटेलांची ओळ. हॉटेलं भाडेकरू, सहलीला आलेलं कुटुंबही सरकारी जागेतच! फरक एवढाच की एकाकडे दीर्घ मुदतीचा करार आहे आणि दुसऱ्याकडे चटई.

तिथून आत वळलं की कास्कावेल लागतं, मराठी माणसांचं जुनं गाव, गणपतीसाठी नावाजलेलं. गुलामगिरी 1835 मध्ये संपली आणि मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आले, एकंदर साडेचार लाखांच्या आसपास. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसंही होती. गावी जमीन खोताची, तिथे मळेवाल्याची. सनदांचा काळ केव्हाच सरला होता. राजाकडून या माणसांना वीतभर जमीन मिळाली नाही.

मिळाली ती विकत, आणि तीही साखरेचे भाव कोसळल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी कडेच्या, कमी कसदार जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. इतिहासकार याला ‘ग्राँ मोर्सेलमाँ’ म्हणतात. आधी मोठे तुकडे घेतले ते बहुधा मजुरांच्या मुकादमांनी. त्यांनी आणखी बारीक करून ते आपल्याच माणसांना विकले. पै पै साठवून घेतलेल्या त्या वावरांतून छोट्या ऊस उत्पादकांचा वर्ग उभा राहिला, आणि स्वतंत्र मॉरिशसच्या राजकारणाला बळ मिळालं ते बऱ्याच अंशी त्याच्याकडून.

म्हणून मला वाटतं, मॉरिशसचा जमिनीचा इतिहास सनदांच्या बाडात शोधू नये. सनदा बड्यांना मिळाल्या. सामान्य माणसाच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या: मळेवाल्यांना नकोशी झालेली जमीन आणि राजाने तोफांसाठी राखलेली वाळू. पहिलीची किंमत त्याने मोजली, ती पक्की झाली. दुसरी अजून भाडेकरारांच्या तारखांवर लोंबकळते आहे. तिथे एखादं नवं हॉटेल उभं राहतं तेव्हा रविवारच्या चटईची जागा थोडी आक्रसते, आणि किनाऱ्यासाठी लोक रस्त्यावर उतरतात. त्यांची बाजू मला पटते. तोफांचं कारण संपलं, तरी राखायची गरज संपलेली नाही.