एसएमपीएसचा पंखा घरघरतोय? उघडण्याआधी हे वाचा



संगणक सुरू केला की पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू होते. आपण म्हणतो, "चालतंय ना, चालू दे!" पण हा पंखा एक दिवस अडकून बसला, तर आतली उष्णता बाहेर जात नाही आणि एसएमपीएस जळू शकतो.

आवाज का येतो?
बेअरिंगमधलं तेल सुकतं, पात्यांवर धूळ बसते आणि तोल बिघडतो. मात्र आवाज प्रोसेसरच्या पंख्याचाही असू शकतो. म्हणून कॅबिनेटच्या मागच्या जाळीजवळ कान देऊन आधी खात्री करा.

धोका कुठे आहे?
घरातली वीज २३० व्होल्टची. २३० ला १.४१४ ने गुणा, सुमारे ३२५ येतात. एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जवळपास एवढा दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो. त्यामुळे हे काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचं नाही, म्हणजे नाहीच. प्लग काढून थांबलात तरी कपॅसिटर उतरला का, हे मल्टिमीटरने मोजूनच कळतं. ते जमत नसेल, तर सरळ तंत्रज्ञाकडे द्या. वॉरंटी असेल तर सील तोडूच नका.

पंखा निवडताना काय पाहावं?
१. आकार : ८० किंवा १२० मिमी. जाडीही मोजा.
२. लेबल : १२ व्होल्ट डीसी. अँपिअरचा आकडा जुन्याच्या जवळपास हवा. फारच कमी वेगाचा पंखा आवाज करत नाही, पण हवाही पुरत नाही.
३. वायर : लाल अधिक, काळी उणे. काही ठिकाणी पिन असते, काही ठिकाणी सोल्डर केलेलं असतं.
४. दिशा : काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. जुना पंखा हवा ज्या दिशेने ढकलत होता, त्याच दिशेने नवा बसला पाहिजे. उलटा बसला तर हवेचा प्रवाहच बिघडतो.

मग मुलांनी काय करायचं?
काढलेला जुना पंखा वर्गात आणा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर तो बहुतेक वेळा हळू फिरतो. मुलांना पाती, चुंबक, तारेची वेटोळी दाखवा. मोटर कशी चालते, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर कळेल, आणि कुठल्या वस्तूला हात लावायचा नाही, हेही!