थांबणारी डिस्क

एका सर्व्हरवर दोन व्हर्च्युअल मशीन चालू आहेत. एकात डेटाबेस, दुसऱ्यात बॅकअप. खाली डिस्क मात्र एकच. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या साधनातून डिस्कच्या वाटणीसाठी पहिल्याला 800 वजन दिलं, दुसऱ्याला 200. कमांड बिनतक्रार चालली. तरीही डेटाबेस रखडतोच, असं होऊ शकतं!

कारण वजन हा नुसता आकडा आहे. तो पाळायचा की नाही, हे लिनक्स कर्नेलमधला आय/ओ शेड्यूलर ठरवतो. पूर्वी हे काम सीएफक्यू करायचा. 2019 च्या 5.0 आवृत्तीत तो काढून टाकला गेला. आता वजन पाळणारा शेड्यूलर म्हणजे बीएफक्यू. डिस्कवर एमक्यू-डेडलाइन असेल, तर तो मागण्यांची मुदत बघतो: वाचनाला अर्धा सेकंद, लेखनाला 5 सेकंद. ही वजनं त्याच्या हिशेबातच नसतात. म्हणून लिबव्हर्टच्या माहितीपुस्तिकेत वजनाच्या शेजारीच ही अट ठळक लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं. तपासणं अगदी सोपं आहे. डिस्कच्या ‘शेड्यूलर’ नावाच्या फाइलीत एकाच ओळीत सगळी नावं असतात आणि चालू असलेलं चौकटी कंसात.

पण खरी गंमत पुढेच आहे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात, म्हणून तिथे जागा बदलणं महाग पडतं. डेटाबेस एक ब्लॉक वाचतो, त्यात काय आहे ते बघतो आणि मगच पुढचा मागतो. मधल्या त्या निमिषात त्याची रांग रिकामी दिसते. बॅकअपच्या मागण्या मात्र ढिगाने उभ्या असतात. शेड्यूलर लगेच तिकडे वळला, की डिस्कचं हेड पार दुसऱ्या टोकाला जातं आणि 800 चं वजन फुकट जातं. रांगेत मागणीच नसेल, तर वजन कशाला लावणार?

राइस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी 2001 मध्ये या फसव्या रिकामपणावर उपाय मांडला: थोडं थांबा! पंगतीत वाढपी एखाद्या पानाशी क्षणभर रेंगाळतो, तसं. बीएफक्यूही गरज पडेल तिथे हातात काम असूनही काही मिलिसेकंद डिस्क मुद्दाम रिकामी ठेवतो. एवढ्याने प्राधान्य टिकतंच, शिवाय हेडची धावपळ वाचून अनेकदा एकूण कामही जास्त होतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

आणखी एक अट सहज नजरेआड होते. कर्नेल अशी वजनं ज्या गटांवर लावतो, त्या सीग्रुपच्या जुन्या व्यवस्थेत, होस्टच्या कॅशेत साठलेलं लेखन नंतर कर्नेल स्वतः डिस्कवर उतरवतो; ते कोणत्या मशीनचं होतं, हे तोवर हरवलेलं असतं. म्हणून तिथे मशीनची कॅशे ‘नन’, म्हणजे होस्टची कॅशे टाळणारी, ठेवावी लागते.

एनव्हीएमई प्रकारच्या फ्लॅश डिस्कला तर सरकणारं हेडच नाही. तिथे असं थांबणं महाग पडतं. त्यासाठी कर्नेलच्या 5.4 आवृत्तीत आयओकॉस्ट हा सीग्रुपचा नियंत्रक आला: तो प्रत्येक मागणीचा त्या उपकरणावर पडणारा भार अंदाजतो आणि वजनाप्रमाणे त्याची वाटणी करतो.