साहेब वावरात उतरले की

पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यावर १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर १९६३मध्ये मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५पर्यंत राहिले. या सव्वाअकरा वर्षांचा हिशेब योजनांच्या नावाने मांडायची रीत आहे. मला त्यांची वागणूक जास्त बोलकी वाटते.

सुटाबुटातला, पाइप ओढणारा हा वकील शेतीवर बोलू लागला की थेट बियाण्या-खतापर्यंत पोचायचा. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण आलं. उतारा भरघोस, पण कापणीच्या तोंडावर पाऊस लागला की कणीस काळं पडायचं, आणि भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही म्हणून घरोघरी नाकं मुरडली जायची. तरी सरकारी यंत्रणेने हायब्रीड सोडलं नाही, कारण नाद खुद्द मुख्यमंत्र्यांना होता. साहेब एकरी उतारा विचारणार म्हटल्यावर तो आकडा न घेता बैठकीला जायची कुणाची छाती होईल? १९६५ साली तर त्यांनी शनिवारवाड्यासमोर जाहीर केलं, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या. शब्द कितपत खरा झाला यावर वाद घालता येईल. पण मान आपली पुढे केली, कृषी अधिकाऱ्याची नाही, हे महत्त्वाचं.

१९७२च्या दुष्काळात या वागणुकीची कसोटी लागली. मे १९७३मध्ये जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. कुठे खडी फुटत होती, कुठे पाझर तलाव खोदले जात होते, पोटाला सुकडी होती. हजेरीपटांत घोळ झालेच, पण महसुली यंत्रणेला उन्हात उभं राहावं लागलं.

मुंबईत मात्र हेच नाईक शिवसेनेकडे काणाडोळा करतात असा आरोप झाला, ‘वसंतसेना’ असं नावही पडलं. वरच्याने काय पाहायचं टाळलं, हेही खालचे अचूक हेरतात.

मुख्यमंत्री होण्याआधी त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या नाईक समितीच्या अहवालातून आलेल्या जिल्हा परिषदा टिकल्या. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली, ते पायउतार झाल्यावर झाला, तोही टिकला. पण साहेबांच्या वागण्याचा, सवयीचा कायदा करता येत नाही. १ जुलै, त्यांची जयंती, आता कृषी दिन आहे. यवतमाळात तेव्हा कुणाची पेरणी, कुणाची डवरणी, तर कुणाला दुबार पेरणीची धास्ती असते. अशा दिवसांत बरेच अधिकारी सभागृहात हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात अडकलेले असतात.