नाट्यगृहे, लंडनमधील

इंग्लंडच्या राजधानीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उभी राहिलेली कायम स्वरूपाची नाट्यगृहे. नट व प्रेक्षक यांच्यातील अंतर कसे वाढत गेले आणि ते कमी करण्याचे प्रयत्न कसे झाले, हे त्यांच्या रचनेवरून स्पष्ट होते.

त्यापूर्वी फिरत्या नाटकमंडळ्या सरायांच्या चौकांत व सरदारांच्या दिवाणखान्यांत प्रयोग करीत. गर्दी आणि प्लेगची साथ यांच्या भीतीने नगराच्या अधिकाऱ्यांचा नाटकांना विरोध असे. म्हणून जेम्स बर्बिज याने १५७६ मध्ये त्यांच्या हद्दीबाहेर, शोरडिच येथे ‘द थिएटर’ हे नाट्यगृह बांधले. जमिनीच्या भाडेपट्ट्याचा वाद उद्‌भवल्यावर ते १५९८ च्या अखेरीस उतरविण्यात आले आणि त्याच्याच लाकडांतून टेम्सच्या दक्षिण तीरावर ग्लोब नाट्यगृह (१५९९) उभे राहिले. नाटककार शेक्सपिअर हा त्याचा एक भागीदार होता. येथील रंगमंच अंगणात पुढे आलेला असून त्याच्या तिन्ही बाजूंना प्रेक्षक असत. एक पेनी देणारा उघड्या अंगणात उभा राही, तर अधिक पैसे देणारे सज्जांत बसत. प्रयोग दुपारी, सूर्यप्रकाशात होत. त्यामुळे नट व प्रेक्षक एकाच उजेडात एकमेकांना पाहू शकत. स्त्रीभूमिका मुलगे करीत. १६१३ मध्ये प्रयोगातील तोफेच्या ठिणगीने गवती छप्पर पेटून ग्लोब जळाले. पुढील वर्षी ते कौलारू छपरासह पुन्हा बांधण्यात आले.

यादवी युद्धाच्या प्रारंभी, १६४२ मध्ये, पार्लमेंटने नाटके बंद केली. १६६० मध्ये राजसत्ता पुन:स्थापित झाल्यावर दुसऱ्या चार्ल्सने केवळ दोन मंडळ्यांना परवाने दिले. ड्रुरी लेन नाट्यगृह (१६६३) त्यांपैकी एकीचे होय. आता स्त्रिया भूमिका करू लागल्या. छताखाली, मेणबत्त्यांच्या प्रकाशात, कमानीमागे रंगविलेले सरकते देखावे आले. कमानीपुढील मंच कालांतराने आखूड होत गेला. १७३७ च्या कायद्याने प्रत्येक नव्या नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी राजदरबारातील लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडून संमत करून घेणे सक्तीचे झाले. हे नियंत्रण १९६८ पर्यंत टिकले.

कमानी रंगमंचाची पद्धत ब्रिटिश अंमलात भारतातही आली. मुंबईत ग्रँट रोडवर १८४६ मध्ये असे नाट्यगृह उघडले. विष्णुदास भावे यांनी तेथे १८५३ मध्ये मराठी नाटकांचे प्रयोग केले.

एकोणिसाव्या शतकात प्रकाशयोजना पालटली. ड्रुरी लेनमध्ये १८१७ मध्ये गॅसचे दिवे आले, तर सॅव्हॉय नाट्यगृह (१८८१) संपूर्णपणे विजेने उजळले. प्रेक्षागृह काळोखात ठेवणे त्यामुळे सोपे झाले. १८८० मध्ये हेमार्केट नाट्यगृहात स्क्वायर बँक्रॉफ्ट याने रंगमंचाभोवती सोनेरी चौकट बसविली व रंगमंचासमोरील स्वस्त जागा काढून तेथे महागड्या खुर्च्या मांडल्या. आपली जागा गेलेल्या प्रेक्षकांनी उद्‌घाटनाच्या रात्री एवढा गोंगाट केला, की प्रयोग काही काळ सुरू होऊ शकला नाही.

विसाव्या शतकात या चौकटीविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. राष्ट्रीय नाट्यगृहाच्या १९७६ मधील नव्या वास्तूत ऑलिव्हिये हे सर्वांत मोठे प्रेक्षागृह चौकटीवाचून, पंख्याच्या आकाराचे बांधण्यात आले. १९९७ मध्ये मूळ जागेनजीक ग्लोबची प्रतिकृती खुली झाली. तेथे उघड्या अंगणात उभे राहून, रंगमंचाला टेकून नाटक पाहण्याची सोय स्वस्त दरात उपलब्ध आहे.